टाकीखालचं भूत

वऱ्हाडी बोलीत कथा सांगणाऱ्याचं एक दुखणं असतं. स्टेजवर त्यानं तोंड उघडलं की लोक आधी हसून घेतात आणि मग ऐकतात. अकोला-अमरावतीकडच्या कार्यक्रमांत मी याच हसण्यावर नाव कमावलं, तेव्हा ते दुखणं वाटत नव्हतं.

चांदूर बाजारजवळच्या आमच्या गावात पाण्याची उंच टाकी आहे. तिला तडे गेलेत, गज उघडे पडलेत, अधूनमधून सिमेंटचे तुकडे खाली येतात. आणि बरोबर खाली माझ्या वहिनीचं चहाचं दुकान. भाऊ गेल्यापासून तिचा संसार त्या सावलीवरच चाललाय. बाकड्यांवर दिवसभर पत्ते कुटणारी मंडळी असतात. अर्ज-विनंत्या करून मी थकलो. पेपरात लेख लिहिला, तर त्याच पेपरात वहिनीनं भजी बांधून दिली.

मग गावच्या कार्यक्रमात मी टाकीचीच कथा सांगितली. मुद्दाम आपल्या बोलीत, म्हणजे पोचेल. टाकी कोसळते तिथवर आलो आणि मंडप हसून लोळला. मी जसजसा गंभीर होत गेलो, तसतसे ते जास्तच हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी चहा गाळताना वहिनी म्हणाली, "तुमी बोलले का लोकं हसतेच, भाऊजी. भेव घालाचं असन तं भुताची गोष्ट सांगा ना!"

मी तेच केलं. बाकड्यावर बसून, आवाज खाली आणून. भरदुपारी टाकीच्या आतून कोणी तरी नखांनी भिंत खरवडतं म्हणतात. ज्याच्यापुढे तुकडा पडला, त्याला भुतानं हेरलं म्हणतात. 'मी पाहिलं' म्हटलं की लोक उलटतपासणी घेतात, 'म्हणतात' म्हटलं की सरकून जवळ बसतात. तडे तेच होते, तुकडेही तेच. या वेळी कोणी हसलं नाही. एकानं हातातले पत्ते तसेच खाली ठेवले.

आठवडाभरात बाकडी रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली गेली. आयुष्यात पहिल्यांदा माझी गोष्ट जिथे पोचायला हवी तिथे पोचली, असं मला वाटलं.

वहिनी मात्र जागची हलली नाही. चहा टाकीखाली उकळते आणि पलीकडे नेऊन देते. मी हात जोडले, चिडलो, शेवटी रडकुंडीला आलो.

"मी काहून भेऊ?" ती म्हणाली. "भूत तं मीच सांगतलं तुमाले."

परवा गेलो होतो. आम्ही बोलत असतानाच वरून एक खडा टपकन चहाच्या पातेल्यात पडला. पलीकडची मंडळी उभी राहिली. कोणी इकडे यायला तयार नव्हतं.

वहिनीनं चमच्यानं खडा काढून फेकला आणि खळखळून हसली.

"आलं पाहा तुमचं भूत!"