आपलं कोर्ट, आमचं कोर्ट

माझं पोस्टिंग कोर्टाच्या मेन गेटवर होतं. मी यूएस आर्मीत मिलिटरी पोलीस, सार्जंट. आम्ही एक परका देश ताब्यात घेतला होता आणि त्याच्या पदच्युत हुकूमशहावर तिथलेच जज खटला चालवणार होते. निदान तसं ठरलं होतं. रोजचं काम म्हणजे गाड्या तपासा, पास बघा, हेल्मेटखाली घाम गाळा.

जोडीला तिथलाच दुभाषी युसूफ. हुकूमशहाच्या पोलिसांनी त्याच्या भावाला उचलून नेलं, तो परत आला नाही. तरी युसूफला सूड नको होता. त्याच्या गल्लीत हुकूमशहाचे चाहते होते; त्यांनाही खोटा म्हणता येणार नाही, असा निकाल हवा होता. मी त्याला आपल्या मराठीतली गंमत सांगितली होती. ‘आपलं’ म्हणजे तुझं-माझं दोघांचं. ‘आमचं’ म्हटलं की त्यात तू नाहीस. ती त्याने लगेच उचलली. रोज विचारायचा, “सार्जंट, कोर्ट आज कुणाचं? आपलं की आमचं?”

“आपलं,” मी म्हणायचो.

निकालाच्या दिवशी मुख्य जजना स्वतःच्या गाडीतून यायचं होतं. कॅप्टनने आमची चिलखती गाडी पाठवली. गेटवर टीव्हीचे कॅमेरे. मी रेडिओवर कॅप्टनला गाठलं.

“सर, मागच्या गेटने आणू. इथे आपली गाडी कॅमेऱ्यात येईल.”

“निगेटिव्ह. मेन गेट. आउट.”

कोर्ट अमेरिकनांचं दिसायला नको, एवढी साधी गोष्ट! कपाळावर हात मारून घ्यायचा तेवढा राहिला. आमच्याच सोल्जरने दार उघडलं, जज उतरले, सगळ्या देशाने पाहिलं. आत पुरावे खरे होते, साक्षी खऱ्या होत्या. पण आता ऐकतो कोण?

युसूफ म्हणाला, “सार्जंट, तुमचं ‘आपलं’ कोर्ट आज ‘आमचं’ झालं.”

त्याच आठवड्यात कुणीतरी त्याला त्याच्या घराच्या दारात गोळ्या घातल्या. अमेरिकनांचा माणूस म्हणून.

आता मी अमेरिकेत, कॅरी नावाच्या गावात राहतो. परवा एका वाढदिवसाला रिटायर्ड डॉक्टर जोशीकाका प्लेट सांभाळत म्हणाले, “आपण त्या हुकूमशहाला फेअर ट्रायल दिली की रे! अजून कसली कम्प्लेंट करतात ते लोक?”

“आपण म्हणजे कोण, काका?”

“म्हणजे काय! आपण. अमेरिका.”

मी हातातली प्लेट ठेवली आणि बाहेर घरामागच्या डेकवर जाऊन उभा राहिलो.

आमच्या युनिटच्या स्मारकावर तिथे पडलेल्यांची नावं कोरली आहेत. युसूफचंही कोरा, म्हणून मी मागे लागलो होतो. उत्तर आलं, तो आमच्यापैकी नव्हता.

युसूफ. आपला होता.