काका आणि माझा भोवरा

“लबाड हाय ह्यो!” असं म्हणून ते फोन मांडीवर उलटा आपटायचे आणि डोळे मिटून बसायचे. मग फोन सुलटा करून पुन्हा सुरू. गेममध्ये हरला की गेमवरच खेकसणारा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमचे घरमालक काका त्याच जातीचे, पण वरच्या पट्टीतले.

भरे नावाच्या गावात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहायचो. मी मूळचा अकोल्याचा, नोकरी हिंजवडीत, फोनवरचे गेम बनवणाऱ्या कंपनीत. काकांना वाटायचं मी बँकेचं काहीतरी करतो. मीही त्यांना तसंच वाटू दिलं होतं, कारण रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसून ते ज्याला शिव्या घालायचे तो गेम आमचा होता. त्यातही ज्या टप्प्यावर ते अडले होते, तो मी बनवला होता.

गेम साधा. पुराच्या नदीतून नाव पलीकडे न्यायची. शेवटच्या टप्प्यात भोवरा येतो. सगळे त्याच्यापासून लांब वल्हवायला जातात आणि बुडतात. खरं तर त्याच्याबरोबर एक फेरी जायचं आणि मग निसटायचं. पाण्याकडे नीट बघितलं तर ते कळतं, पण नीट बघतो कोण! लोक मतं लिहायचे, ‘भंगार गेम’, ‘बनवणाऱ्याला नदीत ढकला’. ती वाचून माझं डोकं फिरायचं. अरे, जमत नाही तर जमत नाही म्हणा की!

काकांचं दुखणं वेगळं होतं. कोळवणच्या त्यांच्या मेव्हण्यानं भोवरा पार केला होता आणि दर फोनला तो हे ऐकवायचा. “त्याला धड औत हाकता येत न्हाई,” काका म्हणायचे, “अन् त्यो पार जातो? लबाडी हाय, दुसरं काय!”

एका संध्याकाळी त्यांनी बनवणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. मी वर चहा करत होतो. माझा आजा फार सज्जन माणूस होता हो. मी गॅलरीत आलो आणि ओरडलो, “लबाड नाही तो! तुम्हाला खेळता येत नाही!”

“तुला काय म्हाईत?”

“मीच बनवलाय!”

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या नळाला पाणी नव्हतं.

चांगला आठवडाभर मी खालून बादल्या वाहिल्या. ते कट्ट्यावरून बघायचे आणि खेळायचे. त्याच सुमारास ऑफिसात माझं भांडण झालं. वरच्या साहेबांना गेम मऊ करायचा होता. मी तावातावानं बोललो, हरलो, आणि गेममध्ये ‘सोपा’ असं एक बटण आलं. बादली जिन्यावर ठेवून मी काकांना म्हटलं, “घ्या, दाबा ते बटण. झालं तुमच्या मनासारखं.”

ते असे भडकले की बाजूची कोंबडी उडाली. “मऊ भात भरवतो व्हय रं मला? दात हायेत अजून!”

“मग पाणी कशासाठी तोडलंत?”

“ते तुझ्या तोंडासाठी.”

पाणी सोडलं त्यांनी, पण आमचं जुळलं असं समजू नका. गेममध्ये मरायचे आणि वर बघून ओरडायचे, “ये इंजिनेर, ही लाट कुटनं आली?” मी वरून ओरडायचो, “डोळे उघडा!” पुढे कंपनीनं जाहिरात बघून पुन्हा जीव मिळवायची सोय केली, तेव्हा ते गरजले, “आमच्यात मेल्यावर तेरावं घालत्यात. हे जाहिरात दावत्यात!” ह्या बाबतीत माझंही तेच मत होतं, पण मी त्यांना ते कळू दिलं नाही.

एकदा वैतागून मी म्हणालो, “मला विचारा ना, सांगतो कसं जायचं ते.” फोनवरून मान न उचलता ते म्हणाले, “तुला इचारून जितायचं तर मेव्हणा काय वाईट हाय?”

मग कंपनीनं तो गेम बंद करायचं ठरवलं. खेळणारे उरले नव्हते. सोपा केल्यावर तर होते तेही कंटाळून गेले. बंद व्हायच्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघालो आणि घरी येऊन काकांना म्हणालो, “आज सहापर्यंतच चालणार. नंतर हा गेम नाही.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा मी त्यांच्या शेताचा बांध कोरायला आलोय. “सरक,” म्हणाले. मी शेजारी बसलो. “आन् सांगायचं न्हाई.”

मी नाही सांगितलं. नाव बुडत होती, ते आपटत होते, आणि मी दात आवळून बसलो होतो. तुम्हाला काय सांगू, माझ्याच भोवऱ्याचा मला असा राग कधी आला नव्हता. शेवटी त्यांचा अंगठा दुखला असावा. त्यांनी वल्हवणं थांबवलं आणि नाव आपोआप भोवऱ्याबरोबर फिरली. “आरं!” काका म्हणाले. त्यांना दिसलं. नाव फिरून काठाकडे वळली, आणि पडदा थिजला. खाली एक ओळ आली, की आता हा गेम उपलब्ध नाही.

पार झाले असते का ते? नाही. पुढे एक ओंडका येतो. मीच टाकला होता तो, आणि काकांना तो हमखास लागला असता.

काकांनी फोन मांडीवर दोनदा आपटून बघितला. मग माझ्याकडे वळले. डोळे लाल झाले होते. “मी पार जात आलो म्हनून बंद पाडलास.”

इतकी वर्षं त्या माणसाचा एक शब्द मी खाली पडू दिला नव्हता.

“हो काका,” मी म्हणालो. “तुम्ही गेलाच होतात पार.”

“मंग तसं सरळ सांगायचं की,” ते म्हणाले आणि मेव्हण्याला फोन लावत आत गेले.