यमुना, यादीच्या तळाशी

सणसरचे साबळे सर गेल्याची बातमी मला कुणी सांगितली नाही. मी ती वाचली, आणि वाचायच्या आधीच ओळखली. सकाळी चहा गाळत होते. सून मेघा फोन पुढे धरून म्हणाली, "आई, हे तुमचे सर ना?" कुठल्याशा चौकातल्या फ्लेक्सचा फोटो होता. चष्मा ओट्यावर राहिलेला, त्यामुळे फोटोतला चेहरा धूसर आणि खालचं नाव त्याहून धूसर. पण 'भावपूर्ण श्रद्धांजली'मधला तो पोट काढून बसलेला 'व' मला चष्म्याशिवाय दिसला. कुणातरी प्रेसवाल्याने कॉम्प्युटरकडून तो फुगवून जाड करून घेतला होता. मार लागून सुजलेल्या माणसासारखा दिसत होता बिचारा. मी मटकन खाली बसले. मेघाला वाटलं, बातमीने. बातमीने तर होतंच... पण त्या सुजलेल्या 'व'नेही.

वसंत साबळे सणसरला हायस्कूलवर चित्रकलेचे सर होते. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या बोळात माझं अक्षरजुळणीचं दुकान होतं. पुढच्या खोलीत लग्नपत्रिका, बिलबुकं, उसाच्या पावत्या, आणि मागच्या खोलीत 'कॉम्प्युटर क्लास'. चाळिशी उलटलेली, चष्म्याला मोत्यांची साखळी, आणि तालुक्यातली पहिली कॉम्प्युटरवाली बाई म्हणून डोक्यात एवढी हवा, की पंखा लावायची गरज नव्हती. त्यात माझ्याकडे इंटरनेट आलं. फोनची लाइन पुण्याला जोडायची, मोडेम घसा खरवडल्यासारखा ओरडायचा, आणि बोळातली माणसं दारात येऊन विचारायची, "वहिनी, लागलं का अमेरिकेला?" शनिवारी सकाळची शाळा उरकून सर एसटीने यायचे. अक्षरं काढायचा त्यांना नाद होता. जयंतीच्या मिरवणुकीचे फलक पंचक्रोशीत त्यांच्याच हातचे. ती अक्षरं आता त्यांना कॉम्प्युटरवर आणायची होती आणि कॉम्प्युटर होता माझ्याकडे. महिनोन्‌महिने ते माझ्या खुर्चीत बसून माउसने एकेक वेलांटी ओढत राहिले. फॉन्ट कसा उघडायचा, त्यात बदल कसे करायचे, हे त्यांनीच मला शिकवलं. या शिकवणीचा मी पुढे काय उपयोग केला, ते आता सांगते.

फॉन्ट तयार झाला. नाव ठेवलं 'यमुना'. मला वाटलं, नदीचं नाव. विचारलंसुद्धा नाही... गोदावरी असतं, कृष्णा असतं, तशी यमुना. त्या काळात मराठी फॉन्टची एक गंमत होती, आजच्या मुलांना सांगून खरी वाटत नाही. माझ्या दुकानात जुळवलेली पत्रिका इंदापूरच्या प्रेसमध्ये उघडली, की तिथे तो फॉन्ट नसेल तर नवरदेवाच्या नावाच्या जागी नुसते चौकोन आणि टिंबं. त्यामुळे फ्लॉपीवर फाइल दिली, की शेजारी फॉन्टही टाकून द्यायचा. हळदीकुंकवाला आलेल्या बाईला वाणाशिवाय पाठवत नाहीत, तसंच. त्याला आम्ही कॉपी म्हणायचो, चोरी कुणीच म्हणत नव्हतं. पायरसी हा शब्द कानावर आला तेव्हा मला समुद्रावरचे डोळ्याला पट्टी बांधलेले लोक आठवले. बारामतीला कुठला आलाय समुद्र! माझा अख्खा क्लास तसल्याच कॉपीवर चालायचा आणि भिंतीवर मी पाटी लावली होती, 'येथे अस्सल शिक्षण मिळेल'.

तर 'यमुना' अशी वाणासारखी वाटली गेली. पण माझी एक अडचण होती. फॉन्टची यादी इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणे लागायची, आणि वायवरून सुरू होणारी यमुना पार तळाला जाऊन पडायची. लग्नसराईत दर पत्रिकेला तळापर्यंत कोण जाणार? मी सरांनीच शिकवलेल्या पद्धतीने फॉन्ट उघडला, नाव पुसलं, 'ए-बारामती' लिहिलं. झटक्यात यादीच्या डोक्यावर. मला माझाच केवढा अभिमान वाटला! पुढे सगळीकडे तीच प्रत गेली, आणि जिल्हाभर त्या अक्षराला 'बारामती' म्हणू लागले. माझ्या कॉम्प्युटरवर दोन्ही होते, वर बारामती आणि तळाला यमुना. सर खुर्चीत बसले, की खाली जायच्या बाणावर बोट दाबून धरायचे. यादी टिकटिक करत सरकायची आणि मी मागून टोचायची, "सर, वरतीच ठेवलाय की, बोट कशाला झिजवता?" ते मागे न बघता म्हणायचे, "असू द्या, ताई. खाली जातो."

त्याच उन्हाळ्यात त्यांच्या पुतणीच्या लग्नाला सणसरला गेले होते. पत्रिका मीच जुळवलेली, अर्थातच 'बारामती'त. मांडवात सरांच्या आई भेटल्या. हिरवं लुगडं, अंगाने बुटक्या आणि भरलेल्या. सगळे त्यांना आई म्हणत होते, मीही आईच म्हटलं. पत्रिका डोळ्याजवळ धरून त्या एकटक बघत होत्या. मग एकदम हसल्या. "वश्या, ह्यो 'व' बघ की रं! माझ्यावानीच प्वाट काढून बसलाय."

सर माझ्याकडे बघत होते. तेव्हा मी काही विचारलं असतं तर...! पण मी कॉम्प्युटरवाली बाई. मी आईंच्या खांद्यावर हात ठेवून समजावलं, "आई, हे मशीनचं अक्षर आहे. माणसाचं नव्हे."

"व्हय का?" म्हातारी म्हणाली, आणि पत्रिकेची घडी करून कनवटीला लावली. सर पंगतीला वाढायला निघून गेले. मी दोन बुंदीचे लाडू हाणले.

याच सुमारास मी इंटरनेटवरच्या एका चर्चागटात शिरले. जगभरातले मराठी लोक ईमेलवर वाद घालायचे. मराठी कॉम्प्युटरवर कशी यावी यावर तावातावाने भांडायचे, आणि तेही इंग्रजी लिपीत, कारण एकाचा फॉन्ट दुसऱ्याकडे दिसायचा नाही! तिथे कुणीतरी 'बारामती' फॉन्टची तारीफ केली. त्यावर सरांनी दोन ओळी लिहिल्या : फॉन्ट मी केलेला आहे, त्याचं नाव यमुना आहे, विचारलं असतं तर दिलाच असता, नाव तेवढं राहू द्यायला हवं होतं. बस. आता गंमत बघा. हे त्यांनी लिहिलं माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीत. ते उठले, बाकावर जाऊन चहा प्यायला लागले, आणि त्यांच्या अंगाने गरम झालेल्या खुर्चीत बसून मी त्यांना उत्तर झोडलं. अक्षर हवेसारखं असतं. हवेवर कुणी नाव घालतं का? ज्याला पाहिजे त्याने घ्यावं, पाहिजे ते म्हणावं. भाषेला मालक नसतो. तीन स्क्रीनभर! लिहिताना मधेच विचारलं, "सर, भेळ मागवू का?" ते म्हणाले, "मागवा, कांदा जास्त." अमेरिकेतल्या लोकांना वाटायचं, ही दोघं समोर आली तर एकमेकांच्या नरड्याला धरतील. इथे आम्ही एका कागदातली भेळ खात होतो.

असं बरेच शनिवार चाललं. त्यांची दोन वाक्यं, माझे तीन स्क्रीन. माझ्या बाजूने माणसं वाढत गेली. कॅलिफोर्नियातल्या एका गृहस्थांनी मला 'बारामतीची रणरागिणी' म्हटलं. मी ते छापून घेतलं आणि आमच्या ह्यांना जेवताना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "आमटीत मीठ न्हाय." पुढे त्याच गृहस्थांनी फॉन्ट आपल्या साइटवर सगळ्यांसाठी ठेवला. बारामती या नावाने. त्या शनिवारी सरांनी नुसतं वाचलं आणि काहीच न लिहिता उठले. मी जिंकले होते! जिंकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. म्हटलं, "सर, आता ठळक अक्षराचं मनावर घ्या. लोक विचारतायत." त्यांनी जाड अक्षरांची सुरुवात केली होती, थोडी मुळाक्षरं झालीही होती. ते चपला घालत म्हणाले, "अक्षर सगळ्यांचं हाय ना, ताई? मग करतील की सगळे मिळून." मी खळखळून हसले. मला तो विनोद वाटला... ठळक यमुना त्यानंतर पुढे गेली नाही.

पावसाळा सरता सरता एक दिवस सर आले, तो शनिवार नव्हता. डोक्यावरचे केस उतरवलेले नव्हते, त्यांच्यात तसं करत नाहीत, त्यामुळे चटकन लक्षात आलं नाही. म्हणाले, "पुण्यानुमोदनाची पत्रिका करायची होती. आई गेली." मी पाणी दिलं. ते खुर्चीकडे गेले नाहीत, गिऱ्हाइकाच्या बाकावर बसले. मी कीबोर्ड ओढला आणि हाताच्या सवयीने वरचा फॉन्ट घेतला.

"तो नको," ते म्हणाले. "खाली जावा, ताई."

"सर, दोन्ही एकच आहेत की."

"असू द्या. खाली जावा."

मी बाण दाबून धरला. टिकटिक करत यादी सरकत गेली. तळाला गेले. ते सांगू लागले आणि मी टाइप करू लागले : दिवंगत... यमुनाबाई... आणि माझी बोटं थांबली.

मी वळून बघितलं नाही. बघवलं नाही. ते शांतपणे, वर्गात सांगावं तसं सांगत होते. धर्मांतरानंतर विहारात बायकांना अक्षरं शिकवायला बसवलं, तेव्हा आई तिथे शिकली. पोरगा कडेवर. पहिलं अक्षर 'य' नाही, 'व' गिरवला, कारण कडेवर वसंत होता. फरशीवर खडूने. 'व'चं पोट तिला आवरायचं नाही. लोक हसायचे, तर म्हणायची, खात्यापित्या घरचा हाय. "तिचं अक्षर तिच्या हयातीत छापून यावं, एवढंच होतं," सर म्हणाले. "आलं. तिनं बघितलं." पुढचं ते बोलले नाहीत. पुढचं मला पाठ होतं. हे मशीनचं अक्षर आहे, माणसाचं नव्हे.

मग मी धावपळ केली, नाही असं नाही. चर्चागटावर लिहिलं, की या फॉन्टचं खरं नाव यमुना, करणारे वसंत साबळे, आणि नाव बदलणारी मूर्ख बाई मी. तोवर तिथले लोक दुसऱ्याच भांडणाला लागले होते. एकानेच उत्तर दिलं : बारामतीची ही नवी आवृत्ती कुठे मिळेल? खऱ्या नावाची फ्लॉपी घेऊन इंदापूर, वडगाव निंबाळकर, जिथे जिथे मी वाण वाटलं होतं तिथे गेले. इंदापूरचे तात्या प्रेसवाले म्हणाले, "बाई, बारामतीच बरं हाय की. वर दिसतंय. यमुना हुडकायला कोण जातंय खाली?" हे तर माझंच वाक्य! सरांची माफी मागितली, तेव्हा म्हणाले, "राहू द्या हो. भेळ मागवा." त्यानंतरही ते येत राहिले, वर्षानुवर्षं, निवृत्तीनंतरही. हसायचे, माझ्या नातीला चित्रं काढून द्यायचे. पण बाकावरच बसायचे. त्या खुर्चीत पुन्हा कधी बसले नाहीत, आणि मीही 'बसा' म्हणू शकले नाही.

गेल्या महिन्यात सरांचा मुलगा राहुल त्यांच्या पुण्यानुमोदनाची पत्रिका करायला आला. दुकान आता मेघा बघते. मी जळोचीच्या घरी असते, पण त्या दिवशी मुद्दाम जाऊन बसले होते. मेघाने विचारलं, कुठलं अक्षर लावू? राहुल म्हणाला, "बारामतीच लावा." म्हटलं, याला माहीत नाही. मी सगळं सांगायला सुरुवात केली, तर तो म्हणाला, "माहीत आहे हो, ताई. पप्पा सांगायचे. म्हणायचे, तुमची आजी बघायची असली तर लग्नसराईत बारामतीच्या बाजारात फिरून या. ताईंनी तिला घरोघर पोचवलंय."

"रागाने म्हणायचे?"

"नाही... हसायचे."

"कसे हसायचे?"

तो बिचारा गोंधळला. हसणं कसं करून दाखवणार? मी तरी त्याला काय विचारत होते!

मेघाला म्हटलं, ऊठ. तिच्या खुर्चीत मी बसले. नवा कॉम्प्युटर आहे, पण जुने फॉन्ट अजून ठेवलेत, आणि त्यांची यादी तेव्हापेक्षा कितीतरी लांब झालीय. ए-बारामती अजून डोक्यावर. मेघा म्हणाली, "आई, नाव टाइप करा, लगेच येईल. बाण कशाला दाबताय?" मी दाबत राहिले. आता टिकटिक ऐकू येत नाही, नुसती नावं सरकतात.

"असू दे," मी म्हटलं. "खाली जाते."