लहूमची शिरोरेघ

रोज सकाळी चहाचं आधण उकळायला लागलं की मामा स्वयंपाकघरातल्या खिडकीशी जायचा. काचेवर वाफ धरलेली असायची. त्या वाफेवर तो तर्जनीने डावीकडून उजवीकडे एक रेघ ओढायचा, क्षणभर तिच्याकडे बघायचा आणि बाहीने काच पुसून टाकायचा. मग चहापत्ती, मग दूध. मामी म्हणायची, "काच पुसायची एवढी हौस आहे, तर बाकीच्या खिडक्यांनी काय घोडं मारलंय?"

मामा नुसता हसायचा. रेघ सरळ आली की त्याचा दिवस सुरू व्हायचा.

मामा अक्षरं लिहायचा. आमच्या गल्लीच्या टोकाला एक छापखाना होता आणि त्याच्या वरच्या मजल्यावरून चित्रकथांचं मासिक निघायचं. चित्रं चित्रकार काढायचा, गोष्ट कथाकार रचायचा, आणि पात्रांच्या तोंडापाशी जे पांढरे फुगे असतात त्यांतले शब्द मामा लिहायचा. हाताने, टाक शाईत बुडवून. कचेरीत त्याला सगळे टाकमामा म्हणत. मी शिकायला त्यांच्याकडे राहत होते, त्यामुळे घरातलं बरंचसं डोळ्यांनी बघितलं. कचेरीतलं नंतर कथाकाराने सांगितलं, आणि काही मामाने स्वतःच.

मासिकाची मुख्य गोष्ट एकच, वर्षानुवर्षं चाललेली: नक्षत्र-पहारा. निरनिराळ्या ग्रहांवरून आलेल्या जीवांचं हे एक दल. कुठे दोन जगांत लढाई जुंपली की हे तिथे पोहोचायचे आणि दोन्ही सैन्यांच्या मधोमध जाऊन उभे राहायचे. आपण होऊन हत्यार उचलायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. उभं राहिलं की एक वाक्य मोठ्याने म्हणायचं, हा दुसरा. ते वाक्य होतं, "आम्ही मध्ये उभे आहोत."

या जीवांना चेहरे चित्रकाराने दिले होते, पण आवाज मामाने दिले. दगडाच्या ग्रहावरचा धोंडार बोलायचा तेव्हा त्याच्या शब्दांवरची शिरोरेघ फरशीसारखी जाड असायची. दलाची सेनापती किरमी ही मुंगीएवढी. तिची अक्षरं बारीक, पण पूर्णविराम टपोरा, कारण तिच्या पुढे कुणी बोलायचं नाही. आणि पाण्याच्या ग्रहावरचा म्हातारा लहूम. त्याला अंग असं नव्हतंच, नुसतं पारदर्शक, हलतं काहीतरी. त्याच्या शब्दांवरची शिरोरेघ मामाने लहरती ठेवली होती, तळ्याच्या पृष्ठभागासारखी, आणि अक्षरं तिच्याखाली बुडालेल्या वस्तूंसारखी लोंबायची. कचेरीत लहूमचं नाव पाणबुवा.

दलाची शपथ मात्र मामाने वेगळी ठेवली होती. सगळे मिळून ती म्हणत तेव्हा शब्दाशब्दांत जागा सोडायची नाही, सगळ्यांवरून एकच लांब, सरळ, अखंड शिरोरेघ न्यायची. तरुणपणी सुचलेली युक्ती. "इतक्या जगांची माणसं," तो मला म्हणाला होता, "निदान छप्पर तरी एक असू दे."

"माणसं कुठली, दगड नि मुंग्या त्या," मामी आतून म्हणाली. "सगळ्या विश्वाला तोंड देतोस, आणि घरात विचारलं काय भाजी आणू, तर मुका."

अक्षरं आधी लिहायची आणि शिरोरेघ शेवटी, ही त्याची पद्धत. श्वास धरायचा, हात मनगटापासून न हलवता खांद्यापासून न्यायचा, आणि एका दमात रेघ ओढायची. त्या वेळी त्याच्याशी कुणी बोलायचं नाही हे खालच्या छापखान्यातल्या लोकांनासुद्धा ठाऊक होतं.

एका सकाळी काचेवरची रेघ मध्येच वाकडी झाली. मामाने ती पुसली, वाफ पुन्हा धरायची वाट बघितली, पुन्हा ओढली. "काच खराब झालीय," तो म्हणाला. काच नवीच होती.

त्यानंतर घरात लहान लहान गोष्टी बदलायला लागल्या. चहात साखर घालताना चमच्यातली अर्धी ओट्यावर सांडायची. मामी आधीच कपांत साखर घालून ठेवायला लागली. मामा शर्टाची बटणं खोलीचं दार लावून घालायचा आणि बराच वेळ बाहेर यायचा नाही. जेवताना उजवा हात मांडीवर, डाव्या हाताखाली दाबून धरलेला. डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणायचा, "डॉक्टर काय, नाव ठेवून मोकळा होईल. एकदा नाव पडलं की ते घरात राहायलाच येतं."

कचेरीत त्याने पट्टी वापरून बघितली. रेघ सरळ आली, पण मेल्यासारखी, आणि तिच्याखालची अक्षरं तशीच थरथरलेली. संपादकबाईंनी पान उजेडात धरलं आणि विचारलं, "टाकमामा, धोंडार आज असा ताठ का? भांडलाबिंडलाय का कुणाशी?" मामा हसला. घरी आला तेव्हा त्याच्या शर्टाची पाठ घामाने भिजलेली होती. पुढे तो वाकडं आलेलं सफेद्याने झाकून वर परत लिहायला लागला. एकेका शब्दावर सफेद्याचे थर चढले. पानावरून कुणी बोट फिरवलं तर सगळं कळलं असतं. म्हणून पानं तो स्वतः नेऊन द्यायचा आणि बाईंच्या टेबलापाशी उभा राहायचा, कुणी बोट फिरवतंय का ते बघत.

फक्त एक जण सोपा होता. लहूम. लहूमचे फुगे लिहिताना हात हवा तसा थरथरू दे, काही बिघडत नव्हतं. उलट कथाकारच एकदा म्हणाला, "मामा, पाणबुवाची अक्षरं आजकाल काय जिवंत येतायत हो."

मामाने ते वाक्य उचललं. "मग त्याला बोलू द्या की थोडं. इतकी वर्षं बिचारा कोपऱ्यात डुबुक डुबुक करतोय."

कथाकार तरुण होता, कौतुकाचा भुकेला. त्याने लहूमला एक विनोद दिला. मग एक आठवण. मग किरमीला सल्ला द्यायचं धाडस दिलं. दर महिन्याला लहूमचे फुगे वाढत गेले आणि धोंडारचे कमी होत गेले. मामा सुचवायचा, "दगडाने इतकं बोलावं का? नुसती मान हलवली तरी चालेल." धोंडार मान हलवायला लागला. मुलांना म्हातारा लहूम आवडायला लागला. छापखान्यासमोरून जाताना ती लहूमसारखी गळ्यातून बुडबुडे काढत बोलायची. घरी मामीसुद्धा म्हणाली, "या पाणबुवाला आजकाल तोंड फुटलंय."

त्या दिवसांत मामाला झोप लागायची. हात थरथरायचाच, पण त्याला लपायला जागा मिळाली होती.

मग एका दुपारी संपादकबाईंनी मामाला आणि कथाकाराला बोलावून सांगितलं, की पुढच्या विशेषांकात दलातला एक जण मारायचा. बऱ्याच दिवसांत कुणी मेलेलं नाही, गोष्टीतला धाक गेलाय.

"कुणाला?" कथाकाराने विचारलं.

"आता आवडता कोण झालाय? तोच. धोंडार मेला तर कुणाच्या डोळ्यांत पाणी येणार, तो तर बोलतही नाही हल्ली."

मामा खुर्चीवरून उठला आणि परत बसला. ज्याला त्याने लपण्यासाठी मोठं केलं होतं, तो मोठा झाला म्हणूनच मरणार होता. बाईंना विरोध करायचा तर कारण सांगावं लागलं असतं. तो जिन्यात कथाकाराच्या मागे लागला.

"नुसता जखमी करा ना. अंथरुणाला खिळू दे. पडल्या पडल्या बोलत राहील."

"मामा, पाण्याचा जीव अंथरुणावर कसा ठेवू? गादी भिजेल."

"मग घागरीत ठेवा."

कथाकार हसत सुटला. मामा हसला नाही. पुढे कितीतरी दिवसांनी मला हे सांगताना कथाकार म्हणाला, "मला तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याचा जीव जडलाय पात्रावर. म्हटलं, होतं असं कधीकधी."

गोष्ट अशी ठरली. दोन ग्रहांची जहाजं समोरासमोर येतात. लहूम एकटाच वेळेवर पोहोचतो, मध्ये उभा राहतो, आणि दोन्हीकडून आग येते. तो आटतो. शेवटच्या पानावर सगळं दल त्याच्याभोवती उभं राहून शपथ म्हणतं. पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच फुगा, एकच अखंड शिरोरेघ.

शेवटचं पान मामाने घरी आणलं. असं त्याने आधी कधी केलं नव्हतं. रविवार होता, उजेड चांगला होता. जेवणाचं टेबल पुसून त्याने त्यावर पान पसरलं आणि आम्हाला म्हणाला, "बाहेर जाऊन या कुठेतरी." आम्ही बागेत जाऊन बाकावर बसलो. मामी शेंगा सोलत होती आणि टरफलं मुठीतच धरून ठेवत होती. मध्येच म्हणाली, "तुला काय वाटतं, मला कळत नाही? त्याच्या बाह्या मी धुते. अलीकडे दोन-दोनदा काच पुसतो तो." मग आणखी एक शेंग सोलली. "पण त्याने सांगितल्याशिवाय मला कळून उपयोग काय?"

परत आलो तेव्हा मामा तसाच बसलेला होता. अक्षरं लिहून झाली होती. शिरोरेघ नव्हती. छपराविना उघडी पडलेली अक्षरं फार केविलवाणी दिसतात, हे मला त्या दिवशी कळलं.

"सरबत करू?" मामीने विचारलं.

"थांब."

त्याने टाक बुडवला, श्वास धरला. आम्ही दोघी दारातच थांबलो. रेघ निघाली, पहिल्या शब्दावरून सरळ गेली, आणि मग खाली उतरली, वर चढली, पुन्हा उतरली. तो थांबला नाही. हात खांद्यापासून नेत नेत त्याने ती कडेपर्यंत पोहोचवली. मग टाक पुसून ठेवला. सफेद्याची बाटली समोरच होती. तिचं झाकण त्याने उघडलं, आत बघितलं आणि परत लावलं.

दुसऱ्या दिवशी संपादकबाईंनी पान टेबलावर घेतलं. कथाकार शेजारी उभा होता. मामाला खालच्या यंत्राचा आवाज ऐकू येत होता आणि त्याच्याच तालावर आपला हात हलतोय असं वाटत होतं.

"लहूमची रेघ," बाई हळू म्हणाल्या. "लहूम गेला, म्हणून सगळे त्याच्या आवाजात बोलतायत. मुद्दाम केलंत ना हे?"

"मामा," कथाकार म्हणाला, "हे मला सात जन्मांत सुचलं नसतं."

सुटकेचं दार उघडंच होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. मामाने मला सांगितलं, की होकार त्याच्या ओठांवर आलाही होता. पण पुढच्या अंकात किरमी बोलणार होती, धोंडार बोलणार होता, आणि त्यानंतरच्या अंकातही. हात लपवायला आणखी किती जणांना मारायचं?

"नाही," तो म्हणाला. "हात थरथरतो माझा."

बाईंनी पानावरून बोट फिरवलं. या पानावर सफेदा कुठेच नव्हता.

"कधीपासून?"

"पाणबुवा बोलायला लागला त्याच्या आधीपासून."

कथाकार खुर्चीत बसला. इतके महिने ज्या पात्राचं तो कौतुक करून घेत होता, ते कुणी आणि का वाढवलं होतं, हे त्याच्या ध्यानात येत होतं. "म्हणजे तुम्ही मला..." एवढंच म्हणून तो थांबला. मग म्हणाला, "घागरीत ठेवायला हवं होतं हो त्याला."

"पान असंच जाईल," बाई म्हणाल्या. "पुढच्या अंकाचं बघू."

त्या 'बघू'चा अर्थ तिघांनाही माहीत होता. मामाने आपला टाक कागदात गुंडाळला, दौत तिथेच राहू दिली आणि जिना उतरला. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी त्याने मामीला सांगितलं. मामी म्हणाली, "बरं." मग आत जाऊन तिने नळ सोडला आणि कितीतरी वेळ एकच भांडं घासत राहिली.

डॉक्टरांनी दुखण्याला नाव दिलं आणि ते खरंच घरात राहायला आलं. हात बरा होणार नव्हता. आता मामी शर्टाची बटणं लावून द्यायची आणि दाराला कडी नसायची. काळजी गेली नाही, फक्त ती एकट्याची राहिली नाही. तो पडेल, त्याला भाजेल, कप फुटेल, अशी ती आता आम्हा तिघांत वाटली गेली.

सकाळची रेघ त्याने सोडली नाही. आधण उकळलं की खिडकीशी जायचा, काचेवर बोट टेकवायचा. रेघ तळ्यासारखी हलत जायची. ती तो आता पुसायचा नाही. वाफ विरेपर्यंत ती काचेवर असायची आणि तिच्यातून समोरच्या घराची गच्ची लहरती दिसायची.

साखर मात्र त्याने मामीकडून परत मागून घेतली. निम्मी ओट्यावर सांडायची आणि मुंग्या यायच्या. "आल्या सेनापतीणबाई," मामी म्हणायची आणि फडकं शोधायची.

तो गेला त्या सकाळीही रेघ ओढून झाली होती. चहा गाळून झाला होता. मी कप उचलायला आले होते आणि मामीने सवयीने साखरेच्या डब्याकडे हात नेला. मामा खुर्चीत बसता बसता म्हणाला, "साखर घातलीय मी. तू परत घालू नकोस."