हिरव्या गिटारची कड

भावोजी गेल्याचं कळलं तेव्हा मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. ताईने फोनवर एवढंच म्हटलं, "नंदे, खाली ये." तिच्या आवाजावरूनच कळलं. चार मजले उतरेपर्यंत मनात पहिला विचार आला, सुटले बिचारे. शेवटचे दोन महिने त्यांनी जे भोगलं ते पाहिलेल्या कुणालाही हेच वाटलं असतं. पण दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आणखी एक विचार आला आणि त्याची मला आजही लाज वाटते. आता त्यांना कधीच कळणार नाही, असं वाटून मला हायसं वाटलं होतं. ताईच्या दारात पोचले तेव्हा मी रडत होते ते नक्की कशासाठी, हे माझं मलाच सांगता आलं नसतं.

सुहास भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत. स्वतः पॅटर्नमेकर, म्हणजे कारखान्यात लोखंड ओतण्याआधी त्या भागाचा जो लाकडी नमुना लागतो तो घडवणारे कारागीर. भांडुपचा कारखाना बंद पडला तेव्हा पन्नाशी नुकतीच उलटलेली. माणूस घरात बसला की घराची वाट लागते, असं ताई म्हणायची, आणि तसंच झालं, फक्त वेगळ्या तऱ्हेने. मनोरीचा एक वादक, डॉमनिक त्याचं नाव, लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा. त्याच्या इलेक्ट्रिक गिटारची मान मोडली होती. कारखान्यातल्या जुन्या ओळखीतून तो मुलुंडला ताईच्या घरी येऊन पोचला. भावोजींनी आयुष्यात गिटारला हात लावला नव्हता. त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "वाजवता मला येत नाही. पण ही काय देवाने बनवलेली नाही, माणसानेच बनवलीय ना?" मान जोडली. मग तशीच एक नवी करून बघितली. मग दुसरी. बघता बघता ताईच्या मागच्या गॅलरीतल्या तुळशीच्या कुंड्या जिन्यात गेल्या आणि त्यांच्या जागी एक वाकडं टेबल, रंधे, पटाश्या आणि कानशी आल्या.

अंग करायचं शिवणीच्या लाकडाचं, कारण ते हलकं. मान सागवानाची. आवाज पकडणाऱ्या पिकअपवर केसाहून बारीक तार हजारो वेळा गुंडाळावी लागते. त्यासाठी भावोजींनी ताईच्या शिलाई मशीनची मोटर काढून घेतली. ताईला हे कळलं ते ऐन नवरात्रात, ब्लाउज शिवायला बसल्यावर. "आता मी काय हाताने टाके घालू?" ताईचा पारा चढलेला. भावोजी शांतपणे म्हणाले, "दोन दिवस कळ काढ." ते दोन दिवस आजतागायत संपलेले नाहीत, ताई अजून पायाने मशीन चालवते.

माझा या सगळ्याशी संबंध आला तो भांडणातून. मी त्याच इमारतीत वर राहते, एकटी, विमा कंपनीतली नोकरी मुदतीआधीच सोडलेली. दुपारी जरा डोळा लागला की खालून घर्र घर्र सुरू. एक दिवस पदर खोचून खाली गेले. गॅलरीत भावोजी पाठमोरे बसलेले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझ्या हातात ओल्या पॉलिश पेपरचा तुकडा दिला. "बरी आलीस. हे जरा घास, मी तोवर चहा ठेवतो." मी घासायला लागले, आणि चहा निवून गेला तरी घासतच राहिले. भावोजी म्हणाले, "तुझं तोंड घाईचं आहे गो, पण हात सावकाश आहेत." माझ्या आयुष्यात कुणी माझी इतकी खरी स्तुती केलेली नाही. त्यानंतरची नऊ वर्षं शेवटचं घासकाम माझ्याकडे.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. लाकडावर रंग बसला की त्यावर लॅकरचे, म्हणजे पारदर्शक चकचकीत लेपाचे, दहा-बारा हात मारायचे, तेही पावसाळा सोडून, कारण दमट हवेत लॅकर पांढरं पडतं. मग महिनाभर गिटार नुसती टांगून ठेवायची. लॅकर आतपर्यंत कडक होतं, त्याचा वास जातो, आणि मग साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या बारीक पेपरने घासून घासून आरसा करायचा. यात एकच मोठा धोका, तो म्हणजे कड. कडेवर लॅकर पातळ असतं. तिथे पेपर रेंगाळला की लॅकर जातं, रंग जातो, आणि खालचं कोरं लाकूड उघडं पडतं. भावोजी पहिल्या दिवसापासून बजावायचे, "मधे घास हवं तेवढं. कडेला जाऊ नको, कड आपली आपण घासली जाते."

काम झालं की ते डोळे मिटून अंगठा फिरवायचे. डोळ्यांना फसवता येतं, अंगठ्याला नाही, असं त्यांचं म्हणणं. पण आजारपणात जी औषधं चालू झाली त्यांनी सगळ्यात आधी बोटंच बधिर केली. शर्टाचं बटण लागलंय की नाही हे त्यांना बघून ठरवावं लागे. तरी डॉमनिकसाठी एक गिटार पुरी करायचीच, असा हट्ट होता. हिरव्या रंगाची, शेवाळ चढलेल्या विहिरीच्या पाण्यासारखी. औषधं पुढे चालू ठेवायची की नाही, हे ज्या रिपोर्टवर ठरणार होतं तो आणायला ताई आणि भावोजी गेले, त्या सकाळी मी खाली तीच गिटार घासत बसले होते. कान लिफ्टकडे, मन हॉस्पिटलात. हात आपला चाललेला... भानावर आले तेव्हा वरच्या बाजूच्या कडेवर, वाजवणाऱ्याचा हात टेकतो तिथे, बोटभर लांबीचं पांढरं लाकूड माझ्याकडे बघत होतं.

तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं. ताईचा चेहरा बघूनच रिपोर्ट कळला. आता औषधं बंद, घरीच ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या क्षणी मी काय सांगणार होते? गिटारवर फडकं टाकलं. पुढच्या चार दिवसांत, भावोजी झोपलेले असताना, मी हिरवा रंग कालवून बारीक ब्रशने ती जागा भरली, वर लॅकर चढवलं, आणि पुन्हा घासलं. जिथे महिना द्यायचा तिथे मी दिले चार दिवस. दिसायला काही दिसत नव्हतं.

पाचव्या दिवशी डॉमनिक न्यायला आला. भावोजींना उशीला टेकवून बसवलं आणि गिटार मांडीवर दिली. त्यांनी सवयीने डोळे मिटून अंगठा फिरवला. तो त्या जागेवरून गेला... पुढे गेला. मग त्यांनी मान खाली घालून गिटार चेहऱ्याजवळ नेली. मला वाटलं, डोळे थकलेत, जवळून बघतायत. "झकास," ते म्हणाले. "देऊन टाक." मी चहाच्या निमित्ताने आत पळाले. ज्या माणसाने मला बोटांचं शहाणपण शिकवलं, त्याच्या मेलेल्या बोटांचा मी फायदा घेतला होता. पंधरवड्यात ते गेले.

दिवसकार्य उरकल्यावर ताईने दोनदा विचारलं, "गॅलरीतलं सामान सुताराला देऊन टाकू, की तू काही करणारेस? मला त्यातलं काय कळतं?" मी दोन्ही वेळा विषय बदलला. गॅलरीत पाऊलसुद्धा टाकवत नव्हतं. त्या हत्यारांना हात लावायचा मला काय अधिकार? शेवटी एका गुरुवारी उठले आणि मालाडला जाऊन, मार्व्याहून बोट पकडून मनोरीला गेले. म्हटलं, त्यांना सांगायचं राहिलं, निदान ज्याची गिटार आहे त्याला तरी सांगावं.

डॉमनिक ओट्यावर बसून तारा बदलत होता. मी पाणीसुद्धा न पिता सगळं एका दमात सांगून टाकलं. तो हसायलाच लागला.

"बाई, हे मला त्याच दिवशी माहीत झालं. तुम्ही चहा करायला गेलात ना, तेव्हा सुहासभाईंनी गिटार माझ्या नाकासमोर धरली. म्हणाले, वास घे. एवढ्याच जागेला ताज्या लॅकरचा वास येतोय, बाकी कुठे नाही. नंदाचा हात कडेला गेला. तुला चालत नसेल तर सांग, मी तिला दुसरी करायला लावतो."

बोटं गेली होती, नाक शाबूत होतं. नऊ वर्षं त्या वासात काढून हे माझ्या डोक्यात आलं नाही!

"मग मला का नाही बोलले?" मी विचारलं.

"मी पण तेच विचारलं. म्हणाले, तिला वाटतंय मला कळलं नाही, वाटू दे. मला किती दुखतं ते मी तरी तिला कुठे सांगतो? फिट्टंफाट. आणि म्हणाले, आत्ता बोललो तर ही परत पेपर हातात धरणार नाही. स्वतःहून विचारायला आली तरच सांग."

मग त्याने गिटार काढून दाखवली. माझी डागडुजी कच्चीच होती. त्याचा हात घासून ती जागा पुन्हा उघडी पडायला लागली होती. मी म्हटलं, आण इकडे, नीट करून देते. त्याने गिटार मागे ओढली. "राहू दे ना, यार. दोन वर्षांनी तिथं लाकूड दिसणारच होतं. माझं काम तुम्ही आधीच केलंत."

परतीच्या बोटीत मी बायकांच्या मासळीच्या पाट्यांमध्ये बसून वेड्यासारखी हसत होते आणि डोळे पुसत होते. शेजारची कोळीण म्हणाली, "काय झालं गो बाय?" मी म्हटलं, "काही नाही, जिवावरचं ओझं उतरलं." दोन महिने छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून खाडीत टाकावा, तसं मोकळं वाटत होतं. त्यांनी मला पकडलं होतं. पकडून सोडून दिलं होतं, आणि वर माझ्या हाताची काळजी केली होती.

घरी आले ती थेट ताईकडे. ती स्वयंपाकघरात भांडी लावत होती. तिला काही न सांगता गॅलरीत गेले. टेबलाखाली फडक्यात गुंडाळलेलं शिवणीचं एक अंग होतं, कापून गोलाई दिलेलं, पण कोरं. कशासाठी, कुणासाठी, विचारायला आता कुणी नव्हतं. ते टेबलावर घेतलं, कोरडा पेपर ठोकळ्याला गुंडाळला आणि मधून घासायला सुरुवात केली. कडेपासून लांब. हाताला आपोआप त्यांचीच लय सापडली, दोन लांब, एक आखूड.

पाचएक मिनिटं झाली असतील. आतून ताईचा आवाज आला, "अहो, दार ओढून घ्या, भुसा आत येतोय!"

मग भांड्यांचा आवाज थांबला. माझा हात थांबला नाही. मी डाव्या हाताने दार ओढून घेतलं आणि घासत राहिले.