बे, फक्त पाढ्यापुरतं!

चार माणसं शिकायला एकत्र बसली की ज्ञान वाढतं की नाही ते मला सांगता येणार नाही. किस्से मात्र नक्की वाढतात! आमच्या रविवारच्या वर्गाचे तर इतके झालेत की माझ्या झेरॉक्सच्या दुकानात लोक आधारकार्ड पुढे करतात आणि हळूच विचारतात, "मंग भाऊ, या रविवारी काय झालं?"

आमचं गाव साखरखेर्डा आणि दुसरबीडच्या मधलं. दर रविवारी दुपारी विहाराच्या सभागृहात वर्ग भरतो. कोणी मोबाइल शिकतं, कोणी लिहायला-वाचायला, कोणी ठिबकची माहिती सांगतं. भीमनगरातले येतात, माळीपुऱ्यातले येतात. वर्ग चालवतात अंभोरे सर, रिटायर्ड मास्तर. शिस्तीचे इतके की शिंक आली तरी आधी हात वर करतील!

आधी नियमबियम काही नव्हते. ते आले सुमनकाकूंमुळे. काकूंची भाजीपाल्याची शेती. बाजारात आवाज खणखणीत, पण वर्गात कधी तोंड उघडलं नव्हतं. एका रविवारी मोठ्या हिमतीने उठल्या आणि म्हणाल्या, "सर, मोबाइलवर ते डावालोड कसं करा लागते?"

मागून खताच्या दुकानाचा प्रल्हाद ओरडला, "काकू, डावा लोड सापडला, उजवा कुठं ठेवला?"

सभागृह खो-खो हसलं. काकूंनी पदर सारखा केला, चप्पल घातली आणि निघून गेल्या. पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्यांच्यासोबत येणाऱ्या सगळ्या बायाही आल्या नाहीत. अर्धी सतरंजी रिकामी!

सर म्हणाले, "बाया नसतील तर हा वर्ग नाही, पानठेला हाये. काकू परत आल्या नाही, तर मी इथं कुलूप लावतो."

ते खरंच लावतील, हे सगळ्यांना माहीत होतं. मग ठरले नियम.

*

नियम सरांनी लिहून दिले, फ्लेक्स मी छापला. वर लाल ठसठशीत अक्षरांत 'आचारसंहिता लागू!' आणि खाली बारीक अक्षरांत नियम. नेऊन लावला विहाराच्या फाटकावर.

आता लांबून जाणाऱ्याला काय दिसणार? वरचंच! दुपारपर्यंत पंचायतीच्या शिपायाने सरपंचाच्या नावाची पाटी कागद चिकटवून झाकली. चौकात विचारपूस सुरू झाली, "इलेक्शन कोणतं हाये?" कोणतं का असेना, आपण उभं राहायचं, असं एका भावी उमेदवाराने ठरवलं आणि संध्याकाळी शेतात पोरांना मटण घातलं.

दुसऱ्या दिवशी तो चष्मा लावून फ्लेक्सजवळ आला. पहिलाच नियम होता, 'कोणाचीही टिंगल करू नये.'

तेव्हापासून तो माझ्या दुकानावरून तोंड फिरवून जातो.

*

पण खरी पंचाईत झाली ती दुसऱ्या नियमाची. 'वर्गात कोणी कोणाला बे म्हणू नये.'

आता आमच्याकडे बे काढून टाकला तर वाक्य उभंच राहत नाही! 'काऊन बे', 'चाल बे', 'हाव बे'. यात अपमान कुठे असतो? प्रेमच जास्त असतं. पण सर अडून बसले. जो बे म्हणेल त्याने सगळ्यांच्या चपला ओळीत लावायच्या. पहिले दोन-तीन रविवार प्रल्हाद दारातच जास्त दिसायचा.

मग आला पाढ्यांचा दिवस. बायांपैकी एकट्या कांताबाई तेवढ्या लिहायला शिकायला येत राहिल्या होत्या; त्या उठून उभ्या राहिल्या, हात जोडले आणि सुरू झाल्या, "बे एके बे..."

"सर!" प्रल्हाद ताडकन उठला. "एका दमात दोनदा! लावा त्याइले चपलायवर!"

कांताबाई घाबरून खाली बसल्या. हसावं की रागवावं, सरांना कळेना. शेवटी त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, 'बे, फक्त पाढ्यापुरतं.'

प्रल्हादने ते दोनदा वाचलं. चेहरा असा खुलला, जणू गहाळ झालेलं पाकीट सापडलं! तेवढ्यात त्याचा मित्र उशिरा आत शिरला. प्रल्हादने त्याला तिथूनच हाक मारली, "काऊन बे एके बे, इतका वेळ कुठं होता?"

नियमाप्रमाणे काहीच करता येईना. आता गावातली शाळकरी पोरंही भांडताना "चाल बे दुणे चार!" म्हणतात.

*

नमस्काराचाही एक नियम होता. समोरच्याला आपला नमस्कार करायचा नाही, त्याचा करायचा. म्हणजे अंभोरे सर प्रल्हादला म्हणणार, "राम राम!" आणि प्रल्हाद सरांना म्हणणार, "जय भीम!" आम्हाला आवडलं ते. खरंच आवडलं.

पण वर्गातल्या सगळ्यात म्हाताऱ्या कडुबाआजोबांना हा नियम कोणी सांगितलाच नव्हता. ते दारात उभे राहून दोन-चार नमस्कार ऐकत राहिले. मग काळजीने मला म्हणाले, "इथून चपला बदलून जातात हे मले माहीत होतं. आता नमस्कारही बदलून जाऊन राह्यले काय?"

*

याच आजोबांनी एकदा ठिबकची माहिती सांगायला घेतली. नियम होता, 'कोणाचं बोलणं मधेच तोडू नये.' आजोबा ठिबकवरून विहिरीवर गेले, विहिरीवरून सोयरिकीवर, सोयरिकीवरून जानेफळच्या एका वरातीतल्या भांडणावर. लाइट गेली, माइक बंद पडला. आजोबांचा आवाज काही बंद पडला नाही. सर घड्याळाकडे बघत होते, पण नियम त्यांचाच! तोडणार कोण?

तेवढ्यात खिडकीतून त्यांच्या घरच्या आजींचा आवाज आला, "चला घरी! म्हशी वरडून राह्यल्या!"

सर अदबीने म्हणाले, "आजी, मधेच बोलू नये असा नियम हाये."

"तो आतल्यायसाठी," आजी म्हणाल्या. "मी बाहेर उभी हाओ."

सरांनी आजींना हात जोडले. मनापासून जोडले, मी पाहिलं.

*

इतके नियम झाले, पण ज्यांच्यासाठी केले त्या सुमनकाकू काही येईनात. सतरंजी अर्धीच भरायची. सर कुलूप विकत घेऊन आले. मग मात्र प्रल्हाद हादरला. मला सोबत घेऊन काकूंच्या मळ्यात गेला. काकू मेथी खुडत होत्या.

"काकू, मी हसलो ते चुकलं माह्यं."

काकूंनी मान वर केली नाही. "हसला त्याचं काही नाही रे. मीबी हसते लोकायले. पण इतके जण हसले, त्यातल्या एकानंबी खरा शब्द काऊन नाही सांगितला?"

प्रल्हाद तिथेच वाफ्याच्या कडेला बसला आणि म्हणाला, "डाउन. डाउनलोड. म्हणा, काकू." काकूंनी म्हटलं. अजून दोनदा म्हटलं. मग म्हणाल्या, "येते मी. पण यावेळी समोर उभी राहून सांगीन. आता कोणी मान नाही ठेवला, तर पुन्हा पायरी चढणार नाही. माह्या बायाबी नाही."

*

त्यासाठी सरांनी कार्यक्रमच ठेवला. गावाबाहेरून एक मोठे साहेब पाहुणे बोलावले. सतरंजी पुरली नाही, इतक्या बाया आल्या! मी फ्लेक्स आणून पाहुण्यांच्या मागेच टांगला होता. मोबाइल बंद ठेवा, हा नियम त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर!

काकू उठल्या. आपला सातबारा मोबाइलवर कसा काढायचा ते पडद्यावर दाखवू लागल्या. आवाज आधी कापरा होता. "इथं गट नंबर टाकायचा... मंग इथं दाबलं की डाउनलोड होते." शब्द स्वच्छ आला. प्रल्हादने सुटकेचा निःश्वास टाकला. बायांनी टाळ्या वाजवायला हात उचलले.

आणि साहेबांचा फोन वाजला. लग्नाच्या बँडसारखा!

साहेबांनी तो उचलला आणि खुर्चीत रेलून मोठ्याने बोलू लागले, "हां, बोल बोल! नाही, एका खेड्यातल्या छोट्याशा कार्यक्रमात बसलोय. काही विशेष नाही. तू बोल आरामात!"

काकू थांबल्या. सर खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. पाहुण्याला कोण बोलणार? मागच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने तर पिशवी उचलली. मला वाटलं, संपलं. लागलं कुलूप.

काकूंनी माइक तोंडाजवळ घेतला. आता आवाज अजिबात कापत नव्हता.

"साहेब, स्पीकरवर टाका न," त्या म्हणाल्या. "समद्यायले ऐकू येऊ द्या. आम्ही इथं शिकालेच बसलो हाओ."