ड्रम नको असलेला बँड

माझी थोरली नणंद बत्तीस वर्षं एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवते. पोटापाण्यासाठी लॉन्ड्री आहे. तिथे ती दिवसभर उभी राहून कोटांना इस्त्री करते, पण तिला विचाराल तर लॉन्ड्री हा जोडधंदा. बँडमध्ये तिला हातोडी म्हणतात. मी लग्न होऊन आले त्याच दिवशी तिने बजावलं होतं, मला वन्सं-बिन्सं म्हणू नकोस, दचकायला होतं. तेव्हापासून ती माझी ताई.

गेल्या वर्षी बँडमधल्या दोघांनी नवीनच टूम काढली. गिटारवाला चष्म्याच्या दुकानात काचा घासतो आणि गाणारा बस दुरुस्तीच्या कारखान्यात मुकादम आहे. दोघंही साठीला टेकलेले. मोठा बँड चालू राहीलच, पण बाजूला एक छोटं काहीतरी करायचं असं त्यांनी ठरवलं. विजेशिवाय, नुसती लाकडी गिटार, आणि आपल्या आया-आज्या काम करताना गुणगुणायच्या ती साधी गाणी. कल्पना छानच होती, फक्त त्यात ताई नव्हती. गिटारवाला कोट न्यायला आला तेव्हा उभ्याउभ्याच सांगून गेला, ड्रम आला की ती गाणी मरतील, राग मानू नकोस.

ताईने राग दाखवला नाही. पण त्या आठवड्यात ती इस्त्री अशी आपटत होती की शेजारचा शिंपी येऊन सगळं ठीक ना विचारून गेला. माझ्यापाशी मात्र मोकळी झाली. हे दोघं आपल्यावाचून वाजवतात, हेच तिला सोसवत नव्हतं. जिवंतपणी कपाटात ठेवल्यासारखं वाटतं म्हणाली. मी म्हटलं, देवाने हात दिलेत ते कुणाला विचारून दिले नाहीत. जा आणि बस तिथे.

रविवारी दुपारी आम्ही दोघी गाणाऱ्याच्या घरी गेलो. तीन आठवड्यांच्या सरावात त्या दोघांचं पार बिनसलं होतं. एक म्हणे, हा रेंगाळतो. दुसरा म्हणे, हा सुटलेल्या बसमागे धावल्यासारखा धावतो. ताई दाराजवळच्या स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसली. त्यांनी गाणं सुरू केलं आणि ते सुरळीत शेवटपर्यंत गेलं. दोघांनाही नवल वाटलं.

मला नाही वाटलं, कारण मी बघत होते. दोघांचेही डोळे ताईच्या हनुवटीवर होते. ती तालावर हलत होती, तिच्याही नकळत.

मी हळूच तिच्या कानात सांगितलं. दुसरं गाणं रंगात आलं तशी ती उठली आणि पाठ फिरवून खिडकीबाहेर बघत राहिली. चार ओळींत गिटार पुढे आणि गाणं मागे.

ताई वळली. "कळलं का? बत्तीस वर्षं तुम्ही गाणी वाजवत नाही आहात. माझी हनुवटी वाजवताय."

गाणारा डोकं खाजवत म्हणाला, तर मग बस समोर आणि हलव मान. ताई म्हणाली, मान हलवायला मी चावीची बाहुली नाही, मी वाजवणार. गिटारवाल्याने तोंड उघडलं. "ड्रम कोण मागतंय?" म्हणून तिने ते तिथेच मिटवलं आणि गाणाऱ्याच्या बायकोकडे एक जुनी सुटकेस आणि कपड्यांचा ब्रश मागितला.

पहिलाच फटका असा बसला की सुटकेसची कडी उडाली आणि आतून गाणाऱ्याचा लग्नातला सूट बाहेर आला. त्याची बायको पोट धरून हसली. ताईने सूट घडी करून बाजूला ठेवला. मग मखमली कोटावरची धूळ काढावी तसा तिने ब्रश फिरवला, सर्र, टप, सर्र. हळू वाजवायची वेळ तिच्यावर बत्तीस वर्षांत कधी आली नव्हती, पण हळू काम करणं हाताला ठाऊक होतं. गाणं मरायचं सोडाच, अंग सैल सोडून बसलं. गिटारवाला घाई करू लागला की ती हात थांबवायची. तो निमूट परत यायचा.

महिन्याभराने वाचनालयात पहिला कार्यक्रम झाला. कुणीतरी ताईची खुर्ची सवयीने मागे ठेवली होती. तिने ती ओढत पुढे आणली आणि दोघांच्या मधोमध टेकवली.

"मागे वळून वळून तुमच्या माना अवघडल्या असतील," म्हणाली, आणि दोघं तयार आहेत का हे न विचारताच तिने पहिला सर्र ओढला.